हाताचा डॉक्टर निवडताना काय बघायचं?

प्रश्न : आईची बोटं रात्री बधिर होतात, कापूस वेचताना बोंड धड धरता येत नाही. नस दबलीये, ऑपरेशन करा म्हणतात. हाताचा डॉक्टर कसा निवडायचा? – एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, आधी डिग्री बघा, एमएस किंवा डीएनबी ऑर्थो (म्हणजे हाडांच्या डॉक्टरची डिग्री) आणि त्यावर हँड सर्जरीची फेलोशिप, म्हणजे हाताच्या ऑपरेशनचं खास शिक्षण, काही जण प्लास्टिक सर्जरीतूनही येतात, तेही चालतात. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर अन् करंगळी ठीक असेल तर बहुतेक कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबलेली, ते ऑपरेशन बऱ्याचदा फक्त हात बधिर करून होतं, त्याच दिवशी घरी. जुन्या पेशंटला जरूर भेटा, पण डॉक्टर गोड बोलतात एवढ्यावर थांबू नका, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी परत कधी थापता आली ते विचारा. आणि अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट झाला असेल तर वेचणी संपायची वाट अजिबात बघू नका, लगेच दाखवा.