रग्बी लीगमध्ये आक्रमण अधिक कल्पक व्हावं म्हणून कोणता नियम बदलावा?

आधी 'सिक्स अगेन' आवरा. या खेळात सहा टॅकल होईपर्यंत, म्हणजे चेंडूवाल्याला सहादा पाडलं जाईपर्यंत, संघाकडे चेंडू राहतो. टॅकलनंतर बचावपटू अंगावर रेंगाळले, तर पेनल्टीऐवजी नव्याने सहा टॅकल द्यायला ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या मुख्य स्पर्धेने 2020 मध्ये सुरुवात केली. खेळ वेगवान झाला खरा, पण दमलेल्या बचावातून सरळ घुसूनच काम होत असेल तर डोकं कोण चालवणार? त्यापेक्षा 40/20 सारखे नियम वाढवा. स्वतःच्या 40 मीटर रेषेमागून मारलेला चेंडू टप्पा घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या 20 मीटर पट्ट्यात कडेबाहेर गेला, तर ताबा आपल्याकडेच राहतो. त्या धाकाने प्रतिस्पर्ध्याचा विंगर (कडेचा खेळाडू) मागे थांबतो, पुढे कडेला जागा मोकळी होते. आणि स्क्रम (दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून खेळ पुन्हा सुरू करणं) नावापुरता उरला असला तरी काढू नका बुवा! दोन्हीकडचे सहा-सहा फॉरवर्ड तिथे अडकतात, तेवढ्यात बाकीच्यांना मैदान मिळतं.