माउथ ऑर्गनची रीड इतक्या लवकर का जाते?

प्रश्न : मी दहा भोकांचा माउथ ऑर्गन वाजवतो. माझा जुना बाजा कित्येक वर्षे टिकला. नव्या, महागड्या बाजाच्या चौथ्या भोकातला श्वास ओढून वाजणारा सूर मात्र काही महिन्यांतच उतरला आणि मग मुकाच झाला. काही सूर तर पहिल्या दिवसापासून जोर लावल्याखेरीज बोलत नव्हते. हल्लीचा मालच निकृष्ट, की माझे वाजवणे चुकते?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. रीड म्हणजे पितळेचे एक चिमुकले पाते. त्याचे एक टोक रिव्हेटने जखडलेले असते आणि दुसरे खाचेतून आतबाहेर झुलते. सी स्केलच्या बाजात आपण म्हणता तो सूर सेकंदाला सुमारे ५८७ कंपने करतो, म्हणजे तो एकूण तासभर वाजला तर पाते २१ लाखांहून अधिक वेळा वाकते. इतक्या ताणाखाली कधीच तुटणार नाही, अशी पोलादाला असते तशी ठाम सीमा पितळेला नसते. त्यामुळे रिव्हेटजवळ, जिथे ताण सर्वाधिक असतो तिथे, केसाएवढी चीर पडते, पाते मऊ होऊन सूर उतरतो आणि शेवटी ते तुटते.

आता नव्या मालाविषयी. पात्याचे टोक खाचेपासून गरजेपेक्षा जास्त उचललेले असेल, किंवा रीडप्लेट, म्हणजे रीड जडवलेली पट्टी, मधल्या सांगाड्यावर नीट न बसल्याने हवा गळत असेल, तर सूर सहज बोलत नाही. वाजवणारा नकळत जोर वाढवतो, पाते अधिक झुलते आणि चीर लवकर पडते. त्यातून चौथ्या भोकाचा सूर ओढून खाली वाकवण्याची सवय असेल, तर ते पाते आधी जाणार हे ठरलेलेच. ‘वाजवून वाजवून मोकळा होईल’ हे दुकानदाराचे सांत्वन मला पटत नाही. महागडा बाजा हलक्या फुंकरीलाही बोललाच पाहिजे. आपल्या भजनातल्या पेटीतही पितळेच्याच रीड असतात, पण त्यांना भात्याची कोरडी, बेताची हवा मिळत असल्याने त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

मात्र उतरलेला प्रत्येक सूर तुटक्या पात्याचा नसतो. टोकाला मळ साचला तरी सूर उतरतो, आणि जत्रेतले खाजे खाऊन चूळ न भरता वाजवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. वरची झाकणे काढून पाते मऊ ब्रशने, मुळाकडून टोकाकडे, साफ करावे. सूर जागेवर येऊन टिकला तर मळ होता. पुन्हा घसरला तर चीर आहे असे धरून चालावे. अशा वेळी कानस लावून सूर चढवू नये, कारण चिरलेले पाते त्याने वाचत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात वाजवून झाल्यावर बाजा तळहातावर आपटून लाळ काढावी आणि तो पूर्ण सुकल्यावरच डबीत ठेवावा. सांगाडा लाकडी असेल तर तो पाण्याने कधीही धुऊ नये.

आपल्या बाजात रीडप्लेट बदलता येत असेल तर तीच बदलावी, सुटी रीड बसवणे हे सरावलेल्या हाताचे काम आहे. झायडेल ही जर्मन कंपनी स्टेनलेस स्टीलच्या रीडचे बाजे बनवते. ते महाग असले तरी जोराने वाजवणाऱ्यांनी त्यांचा विचार करावा. नवा बाजा घेताना मात्र दुकानातच भात्यावर प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी, अगदी हळू हवा देऊन, वाजवून दाखवायला सांगावे, आणि एकही सूर अडखळला तर दुसरा नग मागावा.