नववीतल्या मुलासाठी ४० हजारांतला लॅपटॉप: प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत आहे, शाळेचे प्रोजेक्ट, पीपीटी, थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि सुट्टीच्या दिवशी व्हॅलोरंट किंवा माइनक्राफ्टसारखे गेम. बजेट ४० हजार. दुकानदाराने ८ जीबी रॅमचा, एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरचा लॅपटॉप दाखवलाय, 'रायझन ५ आहे, गेमिंगला बेस्ट' म्हणतोय. घ्यावा का?

माझं मत, नका घेऊ. शाळेचं काम त्यावर होईल, माइनक्राफ्टही चालेल. पण हा लॅपटॉप बारावीपर्यंत पुरायला हवा, आणि त्या दृष्टीने त्यात पुढे वाढवता येईल असं जवळजवळ काहीच नाही.

मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. 'फार स्लो झालाय, रॅम वाढवून द्या' म्हणत पालक येतात. मागचं झाकण काढलं की मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी काळ्या चिपांची रांग सोल्डर केलेली दिसते आणि रॅमचा स्लॉट कुठेच नसतो. ७५२०यूच्या बाबतीत हे ठरलेलंच आहे, कारण हा प्रोसेसर फक्त एलपीडीडीआर५ या प्रकारची रॅम घेतो आणि ती बोर्डवरच बसवलेली येते. आज ८ जीबी घेतली की कायमची ८ जीबी. त्यातलाच एक हिस्सा ग्राफिक्स वापरतं, विंडोजला आपला वाटा लागतो, आणि क्रोममध्ये आठ-दहा टॅब उघडले की गेमला फारसं काही उरत नाही.

आता 'रायझन ५' या नावाबद्दल, कारण लोक फसतात ते इथेच. एएमडीच्या या ७००० मालिकेत तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. प्रोसेसरच्या आतली रचना कोणत्या पिढीची आहे, ते तो सांगतो. ७५२०यूमध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, २०१९ साली आलेली रचना. कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) चार आणि ग्राफिक्स रेडिऑन ६१०एम, ज्यात चित्र काढणारे फक्त दोन कॉम्प्युट युनिट आहेत. ७५३०यूमध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३. कोअर सहा, ग्राफिक्स युनिट सात. दोन्ही डब्यांवर 'रायझन ५' असंच छापलेलं असतं. स्टिकर बघून घेणाऱ्याला हा फरक कळूच शकत नाही, आणि दुकानातही तो क्वचितच कोणी समजावून सांगतं. रायझन ३ ७३२०यूसुद्धा ७५२०यूचाच भाऊ, तेवढेच कोअर, तेच ग्राफिक्स.

त्यामुळे एएमडीमध्ये ७५३०यू, ५६२५यू किंवा जुना ५५००यू शोधा. इंटेलमध्ये आय३-१२१५यू शाळेच्या कामाला छान आहे, हलके गेमही होतात. बजेट ताणता आलं तर आय५-१२३५यू. सेलेरॉन (इंटेलचा साधा प्रोसेसर) आणि ६४ जीबी ईएमएमसी (संथ प्रकारचं) स्टोरेजवाले स्वस्तातले मॉडेल मात्र कोणी फुकट दिले तरच घ्या. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ जीबी आहे, अपडेट यायला लागले की डिस्क भरते. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज) मिळाली तर उत्तम.

यापुढची गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये गेमचा वेग रॅमवर फार अवलंबून असतो, कारण ग्राफिक्सची स्वतःची मेमरी नसते. एकच रॅम स्टिक (रॅमची पट्टी) असली की डेटा एकाच वाटेने येतो. दोन सारख्या स्टिक टाकल्या की टाकी एका नळाऐवजी दोन नळांनी भरावी तसं होतं. गेम किती सुरळीत चालतो, यातला फरक डोळ्यांना दिसतो. इंटेलच्या १२३५यूमध्ये तर एकच स्टिक असेल तर विंडोज ग्राफिक्सचं नाव साधं 'यूएचडी' दाखवतं, दुसरी स्टिक बसवली की त्याच मशीनमध्ये 'आयरिस एक्सई' दिसायला लागतं. म्हणून ८ जीबीचाच घेतलात तरी रिकामा स्लॉट असलेला घ्या, म्हणजे वर्षभराने आणखी ८ टाकता येतील. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच चढलेत, तेव्हा दुसऱ्या स्टिकचा भाव आजच विचारून ठेवा आणि बजेटमध्ये धरा.

स्लॉट आहे की नाही, हे दुकानातच बघता येतं. डेमो मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली 'स्लॉट्स यूज्ड' समोर '१ ऑफ २' असं दिसलं तर बहुधा जागा आहे. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' असेल तर निदान ती रॅम सोल्डर केलेली आहे, मग दुसरा स्लॉट खरंच आहे का ते कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर तपासा.

सेकंडहँड चालत असेल तर ऑफिसातून निघालेले बिझनेस लॅपटॉप जरूर बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला हे भरपूर मिळतात. थिंकपॅड टी४८० हा माझा आवडता. दोन रॅम स्लॉट, मजबूत बांधणी आणि टायपिंगला सुरेख कीबोर्ड. त्याचे ग्राफिक्स साधे आहेत, व्हॅलोरंट कमी सेटिंगवर चालेल, जीटीए ५ चा हट्ट धरू नये. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या सोयी) चालू लागतं. घेताना समोर मशीन बंद-चालू करून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जा. तिथे पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप सोडून द्या, आधीच्या कंपनीचं कुलूप तुमच्या गळ्यात पडेल. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा आणि 'डिझाइन कपॅसिटी'च्या तुलनेत 'फुल चार्ज कपॅसिटी' किती उरलीय ते बघा. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून घ्या. स्क्रीन फुल एचडी आहे ना, हेही विचारा, टी४८० मध्ये १३६६ बाय ७६८ वाले पॅनलही येतात.

नवा घेताना 'डॉस' असं लिहिलेला मॉडेल स्वस्त दिसतो, पण त्यात विंडोज नसतं, तो खर्च वेगळा. लिनक्स टाकून पायथन मस्त शिकता येईल, व्हॅलोरंट मात्र लिनक्सवर चालत नाही. क्रोमबुकवरही (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) तो चालत नाही.

हाताळणीबद्दल एक सांगतो, हे मुलालाही दाखवा. या किमतीत हिंजचे (झाकणाच्या बिजागरीचे) स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात. झाकण रोज एका कोपऱ्याला धरून उघडलं की त्या बाजूचं प्लास्टिक फुटतं आणि हिंज बॉडीतून उचकटून निघतो. वॉरंटीत बहुतेक वेळा ते 'फिजिकल डॅमेज' ठरतं. झाकण वरच्या कडेला मधोमध धरून उघडायचं.

उद्या दुकानात गेलात की '७५३०यू किंवा १२१५यू, रॅमचा स्लॉट रिकामा असलेला' असं नेमकं मागा. जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि रॅम वाढवल्यावर वॉरंटीचं काय होतं ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. दुकानदाराने दुसरं काही दाखवलं तर प्रोसेसरचा पूर्ण नंबर इथेच लिहा, मी बघून सांगतो.