पुण्यात शाळेच्या मुलांसाठी सायकल ट्रॅक सुरक्षित कसे करता येतील?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, शाळा कोथरूडमध्ये घरापासून तीनेक किलोमीटरवर आहे. वाटेत सायकल ट्रॅक आहे, पण त्यावरून स्कूटर जातात, गाड्या लागतात आणि चौक आला की ट्रॅक गायब होतो. तो सुरक्षित व्हायला काय करायला हवं, पालक म्हणून आपल्या हातात काय आहे आणि तोवर मुलीला सायकल द्यावी का, हे तुमचे प्रश्न. मी रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या एका खासगी कंपनीत बरीच वर्षं काम केलंय आणि पुण्यात सायकल चालवतो, म्हणून उत्तर देतोय.

स्कूटर आणि पार्किंगवर सगळेच चिडतात. मला मात्र तुमची तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर वाटते. सरळ रस्त्यावर सगळे एकाच दिशेनं जात असतात. चौकात सरळ जाणारी सायकल आणि डावीकडे वळणारं वाहन एकमेकांची वाट कापतात. त्यात डंपर, काँक्रीट मिक्सर किंवा बस असेल तर ड्रायव्हर उंचावर, उजव्या बाजूला बसलेला असतो. केबिनच्या डाव्या दाराखाली उभी असलेली सायकल त्याला दिसतच नाही. शिवाय लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. पुढचं चाक आपल्यापासून लांबून गेलं म्हणून मूल निर्धास्त होतं आणि मागचं चाक थेट अंगावर येतं. आपल्याकडे नेमक्या याच जागी ट्रॅक एका कर्बपाशी (कडेच्या उंच दगडापाशी) किंवा खांबापाशी संपतो आणि मुलाला त्या गर्दीत उतरावं लागतं.

यावरचे उपाय माहितीचे आहेत आणि फार खर्चीकही नाहीत. पहिला, कोपऱ्याची गोलाई कमी करायची. आपले कोपरे इतके मोठे गोल केलेले असतात की डावीकडे वळताना ब्रेकला पाय लावायची गरजच पडत नाही, वर 'फ्री लेफ्ट'ची, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मुभा देणारी, पाटी. शाळेच्या वाटेवरचे फ्री लेफ्ट बंद झाले पाहिजेत, याबद्दल मला तरी शंका नाही. दुसरा, ट्रॅक चौकातून पलीकडे न्यायचा, तोही रंगीत पट्ट्यानं आणि जमेल तिथे उंचवट्यावरून, म्हणजे वाहनाला चढून उतरावं लागेल, सायकलला नाही. तिसरा, सिग्नलवर सायकलींना थांबायची जागा गाड्यांच्या स्टॉप लाइनच्या पुढे द्यायची आणि त्यांचा हिरवा दिवा काही सेकंद आधी लावायचा. वाहन हलायच्या आत मुलं चौकाच्या मध्यावर पोचलेली असतात, म्हणजे ती ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर असतात.

वेग कमी करण्यावर मी इतका जोर देतो त्याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 30 किलोमीटरऐवजी 50 नं आलेल्या त्याच गाडीत जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते. हेल्मेट जरूर घालावं, पण शरीराला हा फरक सोसत नाही.

मग हे होत का नाही? पुण्याला पैसे मिळाले नाहीत किंवा कागदावर विचार झाला नाही, असं म्हणता येणार नाही. 2006 च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बसना वेगळी मार्गिका, सुरू झाली, तिच्याबरोबर सायकल ट्रॅक आले. 2016 मध्ये रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं झाली. जंगली महाराज रस्त्याच्या पदपथांचं रूप पालटलं ते त्याच सुमारास. 2017 च्या डिसेंबरात सर्वंकष सायकल आराखडा महापालिकेच्या मुख्य सभेनं मंजूर केला. त्याच हिवाळ्यात औंध आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. वर्ष-दोन वर्षांत त्यांतल्या बहुतेक नाहीशाही झाल्या. आणि हे सगळं त्या शहरात, जिथे एके काळी रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की पोलीस सायकलवाल्याला पकडायचे. तेव्हा सायकल हे वाहन होतं, म्हणून तिला कायदा होता.

माझ्या मते गाडी अडते ती मोजमापात. सायकल ट्रॅकचं एस्टिमेट करताना पेव्हर ब्लॉक चौरस मीटरवर मोजतात, कर्ब लांबीच्या मीटरवर. त्यामुळे सरळ रस्ता भराभर होतो, बिल निघतं, बातमीत 'इतके किलोमीटर पूर्ण' असं छापून येतं. चौक मात्र कुणा एकाचा नसतो. सिग्नलचं काम एका विभागाकडे, पावसाळी गटार दुसऱ्याकडे, फूटपाथ तिसऱ्याकडे आणि वाहतुकीची परवानगी पोलिसांकडे. मग ट्रॅक चौकाच्या वीस मीटर आधीच थांबतो, पलीकडे पुन्हा सुरू होतो आणि कागदावर तो अखंडच असतो. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात 2006-07 च्या सुमारास सायकली जवळपास नव्हत्याच. तिथे साधारण 80 किलोमीटरचं जाळं एका झपाट्यात, चौकांसकट आणि एकमेकांना जोडूनच बांधलं. थोड्याच वर्षांत सायकलींची संख्या कितीतरी पटींनी वाढली. आपण तुकडे बांधतो आणि मग 'सायकलवालेच नाहीत, ट्रॅक कशाला?' असं विचारतो.

म्हणून तुम्ही मागणी करताना किलोमीटर मागू नका. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतची एकच वाट मागा, पण सलग.

आता स्कूटर. खांब जवळजवळ रोवले की दुचाकी अडतील, असं पुष्कळांना वाटतं. स्कूटरच्या हँडलची रुंदी सायकलच्या हँडलपेक्षा फार तर थोडी जास्त असते. स्कूटर अडेल इतक्या अंतरावर खांब लावले तर मागे दप्तर बांधलेली मुलगीही अडखळेल. खांब कार अडवतात, दुचाकी नाही. दोन खांबांमध्ये दीड मीटर जागा ठेवावी आणि त्यांना रात्री चमकणारी पट्टी लावावी. नाहीतर अंधारात तेच घात करतात. ट्रॅकवरच्या स्कूटरकडे नीट पाहिलंत तर त्यांतल्या बऱ्याच उलट्या दिशेनं येताना दिसतील. डिव्हायडर फोडलेली जागा अर्धा किलोमीटर पुढे असते, वळून येण्यापेक्षा ट्रॅकवरून दोनशे मीटर उलटं जाणं सोपं. तिथे वळायची सोय जवळ दिली की निम्मा त्रास आपोआप जातो. उरलेल्यांसाठी दंडच. मोटार वाहनानं सायकल ट्रॅकवरून जाऊ नये हे 1989 च्या रस्ता-नियमांतच लिहिलेलं होतं. गणवेशातल्या पोलिसाची परवानगी असेल तेवढाच अपवाद. कायदा नवा करायला नको, शाळा सुटायच्या वेळी एक पोलीस हवा.

सोसायट्यांची फाटकं, पेट्रोल पंप आणि मंगल कार्यालयं यांच्यापुढे आपला ट्रॅक उंटाच्या पाठीसारखा वरखाली होतो. गाडीला आत जायला त्रास नको म्हणून प्रत्येक फाटकाशी ट्रॅक खाली उतरवतात. उलट व्हायला हवं. ट्रॅक एका पातळीत राहावा आणि गाडीनं छोट्या उतारावरून चढून, थांबून, बघून आत जावं. यात सायकलवाल्याची सोय तर आहेच, पण कुणी कुणासाठी थांबायचं हे रस्ताच सांगतो, पाटी लावावी लागत नाही.

बसथांब्यावर ट्रॅक शेडच्या मागून न्यावा. पुढून नेला तर बसमधून उतरणारा माणूस पहिलं पाऊल सायकलसमोरच टाकतो.

पृष्ठभाग. पेव्हर ब्लॉक मला आवडत नाहीत, हे माझं वैयक्तिक मत समजा. पण एका पावसाळ्यात खालची वाळू वाहून गेली की ते खचतात, एकदा खणून परत बसवले की कधीच सपाट होत नाहीत. खणणं तर आपल्याकडे दरवर्षी. साधं डांबर किंवा काँक्रीट बरं. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनं असतील तर सायकलचं अरुंद टायर त्यात अडकतं आणि मूल हँडलवरून पुढे फेकलं जातं. जाळी नव्वद अंशांत फिरवून बसवायची, एवढंच काम आहे. पूर्ण ट्रॅकला गुळगुळीत रंग फासणं टाळावं, पावसात तो निसरडा होतो. खडबडीत रंगाचा पट्टा चौकात आणि फाटकांपाशी पुरे. रुंदी एका दिशेला दोन मीटरच्या खाली नको, मुलं गप्पा मारत जोडीनं चालवतात, तशी ती चालवणारच. आणि शेजारी पार्किंग असेल तर मध्ये अर्धा-पाऊण मीटर मोकळा पट्टा हवा. कारचं दार अचानक उघडतं ते त्या पट्ट्यात उघडू दे.

शाळेच्या फाटकाबाहेरचा धोका बहुतेक वेळा आपणच, म्हणजे पालक, तयार करतो. सकाळी सातच्या शाळेला रस्ता मोकळा असतो, त्यामुळे वाहनं वेगात असतात. साडेबाराला शाळा सुटते तेव्हा व्हॅन, रिक्षा, स्कूटर आणि दुहेरी रांगेत लावलेल्या कार यांच्यातून सायकलवाली मुलं वाट काढतात. फाटकासमोरचा शंभर मीटर रस्ता शाळा भरताना आणि सुटताना अर्धा अर्धा तास वाहनांना बंद ठेवता येतो. दोन बॅरिकेड आणि एक शिपाई लागतो. कार आणणाऱ्यांनी पुढच्या गल्लीत थांबावं. पालकसभेत हा विषय काढलात तर आधी विरोध होईल, तोही प्रामुख्यानं कारवाल्यांचा.

आता पालक म्हणून काय करायचं ते.

एका सुटीच्या दिवशी घर ते शाळा सायकलवर जा. जिथे जिथे उतरावं लागलं, वाहनांत शिरावं लागलं किंवा डोळ्यांना पुढचं दिसलं नाही, तिथला फोटो काढा आणि नकाशावर खूण करा. महापालिकेला द्यायच्या पत्रात 'सायकल ट्रॅकची दुरवस्था' असं लिहू नका, तशी पत्रं ढिगानं पडून असतात. 'अमुक मेडिकलसमोर ट्रॅकवर डीपी बॉक्स (विजेची पेटी), तमुक फाटकाशी आठ इंच कर्ब' असं लिहा. ज्युनिअर इंजिनिअरला त्यातून थेट एस्टिमेट करता आलं पाहिजे. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीनं, शाळेच्या लेटरहेडवर गेलं तर त्याला वजन येतं. पाहणीला अधिकारी येणार असतील तर वेळ सकाळी अकराची घेऊ नका. अकराला सगळं शांत असतं. साडेबाराला बोलवा, महापालिकेच्या पथ विभागाचे अधिकारी आणि वाहतूक पोलीस दोघांनाही एकाच वेळी, म्हणजे 'हे त्यांच्याकडे येतं' असं कुणाला म्हणता येणार नाही.

पैशांसाठी एक वाट फार कमी लोक वापरतात. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत आहे. अर्ज बहुधा ऑगस्टच्या आसपास क्षेत्रीय कार्यालयात घेतात. लोक त्यात बाक आणि दिशादर्शक कमानी मागतात. पाच लाखांपर्यंतच्या कामात एक उंचावलेलं क्रॉसिंग, चार-पाच कर्ब उतरवणं आणि पट्टे एवढं बसू शकतं. दुसरी संधी रस्त्याचं डांबरीकरण होतं तेव्हाची. पट्टे नव्यानं मारायचेच असतात, त्या आठवड्यात मागणी पोचली तर ते बदलून मारायला जवळपास काहीच लागत नाही. काम कुठपर्यंत आलं हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच.

पालकांनी मागे लागून रस्ते बदलल्याचं उदाहरण हवं असेल तर नेदरलँड्सचं घ्या. आज तिथल्या सायकलींचे फोटो बघून तो देश मुळातच तसा असावा असं वाटतं. 1971 साली तिथे रस्त्यांवर चारशेहून जास्त मुलं मेली होती. मग 'मुलांच्या हत्या थांबवा' असं थेट नाव घेऊन आईबाप रस्त्यावर बसले. आजचं ट्रॅकचं जाळं त्यानंतर उभं राहिलं.

आणि मुलीला सायकल द्यायची का? द्या, पण आत्ताच्या त्या ट्रॅकवरून नाही. कोथरूडमध्ये मोठ्या रस्त्याला समांतर आतल्या गल्ल्या बऱ्याच आहेत. पाच-सात मिनिटं जास्त लागली तरी त्या वाटेनं तिच्याबरोबर आधी काही वेळा शाळेच्या नेमक्या वेळेला जा. तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: उभ्या किंवा वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला कधी शिरायचं नाही, तिच्या मागेच थांबायचं, उभ्या कारपासून हातभर लांब चालवायचं, उलट्या दिशेनं एक फूटही नाही. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, पावसाळ्यात दिवसाही लावायचा. मोठा चौक टाळता येत नसेल तर तिथे उतरून झेब्रावरून सायकल हातात धरून पार करायची.

त्याच बाजूनं जाणारी आणखी चार-पाच मुलं शोधा. बार्सिलोनात 2021 पासून पालक मुलांचा असा जथा करून शाळेत नेतात, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यांवर मुलं सामील होत जातात. एक पालक पुढे, एक मागे. पाच सायकली एका रांगेत असल्या की डंपरवालाही बघतो. तुमच्या भागातल्या चौकाचं नाव प्रतिक्रियेत लिहिलंत तर आतली वाट कुठून निघते ते मी सांगू शकेन.