अमेरिकेतले ग्रीक म्हणजे सगळे हॉटेलवालेच का?

तुम्ही विचारलंय, की अमेरिकेत गेलेले ग्रीक पहिल्यापासून हॉटेलंच चालवत आले का. मुळीच नाही. युटाच्या खाणींत, लोवेलच्या कापड गिरण्यांत, शहरांत बूटपॉलिश करत कितीतरी जणांनी दिवस काढले. पण मी फ्लोरिडातल्या टँपाला राहतो, म्हणून मला जवळचं आहे ते सांगतो. इथून तासाभराच्या आत टार्पन स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथे ग्रीक आले ते समुद्राच्या तळाशी उतरून स्पंज काढायला.

स्पंज हा तळाला चिकटून राहणारा प्राणी. पूर्वी इथले लोक होडीतून लांब काठीच्या आकड्याने तो ओढून काढत. त्यामुळे उथळ पाण्यापलीकडे कुणाचा हात पोचत नसे. १९०५ मध्ये जॉन कोकोरिस नावाच्या ग्रीकाने पाणबुड्यांचा पोशाख वापरून स्पंज काढायला सुरुवात केली आणि कालिम्नोस, सिमी, हाल्की या खडकाळ ग्रीक बेटांवरची माणसं येऊ लागली. स्पंज काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. इथे येऊन काम शोधायची वेळच त्यांच्यावर आली नाही; कसब हातात घेऊनच ते बोटीतून उतरले.

आणि काम कसलं! रबर चढवलेला जाड कापडी पोशाख, तांब्याचं हेल्मेट, शिशाचे बूट, सगळं मिळून ७५ किलोच्या आसपास. वरून पंपाने नळीतून हवा सोडायची. एक माणूस फक्त दोरी धरून उभा, खालून हिसका आला की काय हवंय ते ओळखायचं. पाणबुड्याचा जीव त्याच्या हातात. खोलवरून घाईने वर आलं तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. माणूस पांगळा होतो, नाहीतर दगावतो. कालिम्नोसच्या लोकांचा 'मिहानिकोस' नावाचा नाच आहे. त्यात पुढचा नाचणारा काठी टेकत, थरथरत्या पायांनी असाच पांगळा झालेला पाणबुड्या दाखवतो. तो बघताना माझ्या घशात आवंढा आला होता.

वर आणलेला स्पंज काळ्या कातडीचा असतो. तो डेकवर ओल्या गोणपाटाखाली कुजवायचा, मग साल खरवडून धुवायचा. कापताना बूड मात्र तळालाच ठेवायचं, म्हणजे तो पुन्हा वाढतो. धक्क्यावरच्या एका वयस्कर दुकानदाराने माझ्या हातात वाळलेला स्पंज दिला, टोस्टसारखा कडक. मग पाण्यात बुडवून परत दिला, तर लोण्यासारखा मऊ!

१९४७ च्या सुमारास समुद्रातले स्पंज रोगाने मरू लागले, त्यात बाजारात कृत्रिम स्पंज आले. कुणी कोळंबीच्या बोटींवर गेलं, कुणी खरोखरच हॉटेल काढलं. मोजक्या बोटी मात्र आजही निघतात. जमलं तर ६ जानेवारीला या. त्या दिवशी, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, पाण्यात टाकलेला लाकडी क्रॉस काढायला इथली १६ ते १८ वर्षांची ग्रीक मुलं सूर मारतात, आणि काठावर सगळं गाव उभं असतं.