दुर्मीळ काडतुसाची जुनी रायफल घ्यावी का, आणि घेतली तर ती चालवता येते का?

तुम्ही विचारले आहे की शस्त्रपरवाना हाती आहे, एका वृद्ध संग्राहकाकडून १८९१ च्या नमुन्याची, ७.६५×५३ मिमी काडतुसाची माऊझर रायफल बऱ्याच कमी किमतीत मिळते आहे, पण तिची काडतुसे सहजासहजी मिळत नाहीत. तेव्हा ती घ्यावी का, आणि घेतली तर ती चालवता येईल की नुसती कपाटात ठेवावी लागेल. गेली वीस वर्षे मी अशाच बंदुका जमवतो आणि चांदमारीच्या मैदानावर चालवतोही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझे उत्तर असे की ती जरूर घ्या, मात्र तिच्या चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीचा, ठसा काढून तो स्वतः मोजल्याखेरीज तिच्यातून एकही गोळी झाडू नका. नळीवर कोरलेला आकडा, विकणाऱ्याचे सांगणे आणि काडतुसाच्या खोक्यावरचे नाव यांची मदत होते, पण त्यांपैकी एकालाही पुरावा मानता येत नाही.

असे का, हे समजण्यासाठी ही काडतुसे मागे कशी पडली ते पाहावे लागते. १८८६ साली फ्रान्सने ८ मिमी लेबेल हे धूरविरहित दारूचे पहिले लष्करी काडतूस स्वीकारले, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक सैन्याने आपापले वेगळे काडतूस काढले. तुमचे ७.६५×५३ त्याच धामधुमीतले आहे: १८८९ मध्ये ते बेल्जियमने घेतले, पाठोपाठ तुर्कस्तानने आणि अर्जेंटिनाने. सैन्याची मागणी संपली की कारखान्यातले काडतूस संपते, पण रायफलीचे पोलाद नीट राखले तर शंभर वर्षेही टिकते. कधी कधी काडतूस कायद्यामुळेही जन्माला येते. ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० इंच व्यासाच्या खासगी रायफलींवर बंदी घातली, कारण मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीला लागणारी गोळी बंडखोरांच्या हाती पडू नये अशी धास्ती होती. त्या बंदीला वळसा घालण्यासाठीच .४६५ आणि .४७० सारखी शिकारीची काडतुसे पुढे आली.

एकाच नावाखाली दोन मापे नांदतात, ही या छंदातली सर्वांत मोठी अडचण आहे. जर्मनीचे १८८८ चे ८×५७ हे काडतूस घ्या. त्याची मूळ गोळी सुमारे ८.०८ मिमी व्यासाची होती. १९०५ मध्ये टोकदार गोळी आणताना तिचा व्यास सुमारे ८.२० मिमी करण्यात आला. पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी आवरण, जवळपास तीच राहिल्यामुळे नवे काडतूस अनेक जुन्या नळ्यांच्या चेंबरमध्ये बसू शकते. फरक ०.१२ मिमीचा, म्हणजे जाडसर कागदाएवढा. तरी मोठी गोळी अरुंद नळीत शिरली की दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो.

माझ्या संग्रहात आलेली पहिली शिकारी रायफल नेमकी याच जातीची होती. विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले की ही आठ मिलिमीटरची आहे, कोणतेही आठचे काडतूस चालेल, आणि वर एक खोकेही हातात ठेवले. ते खोके त्या आठवड्यात मी उघडले नाही, एवढीच माझी पुण्याई. मऊ शिशाची एक गोळी तेल लावून नळीच्या तोंडाशी ठेवली आणि लाकडी दांड्याने हलके ठोके देत पलीकडे काढली. बाहेर आलेल्या शिशावर पिळाच्या, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार चरांच्या, चार खाचा लख्ख उमटल्या होत्या. मायक्रोमीटर लावला तेव्हा ८.०८ आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, तेव्हाही तेच आले. खोक्यातली गोळी ८.२० ची होती. त्या विक्रेत्याच्या मनात कपट होते असे मला वाटत नाही, त्याने कधी मोजलेच नव्हते. पण त्या दिवसापासून माझ्या घरात आलेली प्रत्येक बंदूक आधी मोजली जाते.

नळीचे माप शिशाने मिळते, चेंबरचे माप ओतीव ठशाने. त्यासाठी बिस्मथ मिसळलेला एक मिश्रधातू वापरतात, ज्याला बाजारात सेरोसेफ म्हणतात. तो ७० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो, त्यामुळे गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनही काम होते. चेंबर पूर्ण कोरडे करायचे, पिळाची सुरुवात झाल्यावर साधारण बोटभर पुढे नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवायचा आणि वरून धातूची बारीक धार सोडायची. सुरुवातीला हा धातू किंचित आक्रसतो, म्हणून अर्ध्या तासाच्या आत समोरून दांडा घालून ठसा अलगद ढकलून काढता येतो. पुढे तो हळूहळू फुगतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापाशी येऊन ठेपतो. तेव्हाच मोजायचे. हातात येणारा तो राखाडी, गुळगुळीत तुकडा पाहण्यासारखा असतो: पुंगळीचे बूड, अंगाचा उतार, खांदा, मान, आणि पुढे पीळ जिथून सुरू होतो ती बारीक पायरी. पूर्वी कुणी चेंबर कोरून वेगळ्या काडतुसासाठी मोठे केले असेल तर तेही त्यात स्पष्ट दिसते. तुमच्या नमुन्याच्या रायफलींपैकी काहींच्या नशिबी असे कोरकाम आलेले आहे, म्हणून तुमच्या बाबतीत ही पायरी अजिबात टाळू नका.

ठशाची मापे ७.६५×५३ शी जुळली तर तुमचे नशीब चांगले आहे असे मी म्हणेन. काही मोजके कारखाने हे काडतूस अधूनमधून काढतात, त्यामुळे आधी तयार माल शोधावा. तो न मिळाल्यास .३०-०६ या अमेरिकी काडतुसाची पुंगळी कामी येते, कारण दोन्हींचे बूड जवळजवळ एकाच मापाचे आहे. .३०-०६ ची लांबी सुमारे ६३ मिमी असते. ती डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून खांदा मागे सरकवायचा आणि वरचा भाग कापून ५३ मिमीच्या जवळ आणायची. गोळीही अडचणीची नाही, .३०३ या ब्रिटिश काडतुसाला लागणारी .३११ ते .३१२ इंचाची गोळी बहुतेक नळ्यांत चालते, अर्थात तुमची नळी मोजून झाल्यावर.

यात एक खोच आहे, आणि ती मी जपून सांगतो, कारण नवखी माणसे इथेच फसतात. कापल्यानंतर जो भाग मान बनतो तो मूळ पुंगळीच्या अंगाचा असतो, आणि अंगाचे पितळ मानेपेक्षा जाड असते. गोळी बसवल्यावर अशी मान चेंबरमध्ये इतकी गच्च बसू शकते की दारू पेटल्यावर तिला फुलायला आणि गोळी सोडायला जागाच उरत नाही. म्हणून गोळी बसवलेल्या मानेचा बाहेरचा व्यास मोजावा, तो ठशातल्या मानेच्या व्यासापेक्षा निश्चितपणे कमी हवा. नसेल तर मानेची जाडी तासून कमी करावी लागते. शिवाय दाबादाबीने पितळ कडक होते. मान तापवून ते पुन्हा मऊ करता येते, पण बूड कधीही तापवू नये, कारण दाब तोलून धरण्याचे काम तिथल्याच कडकपणावर अवलंबून असते. दारूचे माप नेहमी छापील, तपासलेल्या कोष्टकातूनच घ्यावे आणि त्यातल्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी. तुमच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, पुढच्या दोन कानांवर (खाचेत अडकणाऱ्या उंचवट्यांवर) तोललेला आहे, १८९८ च्या माऊझरचा तिसरा सुरक्षेचा कान त्याला नाही, आणि पुंगळी फाटली तर वायू बाजूला वळवण्याची सोयही तितकी चांगली नाही. या रायफलीकडून तिच्या काळातल्या दाबापेक्षा जास्त काही मागू नये.

विकणारा सोबत जुन्या लष्करी काडतुसांची पेटी देऊ करेल. ती संग्रहासाठी आनंदाने घ्या. झाडण्यासाठी मी ती वापरत नाही. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे घाव बसताच दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे, त्याचा जो क्षार नळीत उरतो तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि रातोरात गंज चढवतो. तो क्षार तेलाने विरघळत नाही, त्याला पाणीच लागते, म्हणून अशी काडतुसे झाडली गेलीच तर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेल लावावे. काही प्रायमरमध्ये पारा असे; तो पितळात मुरून त्याला ठिसूळ करतो, त्यामुळे तसली पुंगळी वरून कितीही चकचकीत दिसली तरी पुन्हा भरण्यालायक राहत नाही. एकदा मैदानावर एका परिचितांच्या आग्रहाखातर अशाच पेटीतले एक काडतूस मी झाडले. चाप ओढला, घोडा पडल्याचा टक् असा आवाज आला आणि पुढे शांतता. मी नळी लक्ष्याकडेच ठेवून मनात आकडे मोजू लागलो. एकावरून दोनावर जाण्याआधीच काडतूस उडाले. त्या क्षणी मी बोल्ट मागे खेचला असता तर आज हे लिहायला मला दोन्ही डोळे नसते. काडतूस उडाले नाही तर नळी समोर धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे, ही सवय अंगवळणी पडलीच पाहिजे.

पुढे हा नाद वाढला आणि काळ्या दारूच्या काळातल्या बंदुकांकडे मन ओढले, तर तिथे वेगळी शिस्त लागते. १८७१ ची मार्टिनी-हेन्री .५७७/४५० चे काडतूस घेते: ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. मूळ पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून बनवलेली असे, तापलेल्या किंवा धुळीने भरलेल्या चेंबरमध्ये ती फाटे, आणि पुढे तिची जागा अखंड ओढीव पितळेने घेतली. आज ती २४ गेजच्या पितळी छर्‍याच्या काडतुसापासून घडवता येते. तशा बंदुकीत काळी दारूच भरावी, हे माझे ठाम मत आहे. धूरविरहित दारू थोडी कमी भरली की झाले, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

सगळ्याच बंदुकांना असा मार्ग सापडत नाही. स्वित्झर्लंडची व्हेटरली १०.४ मिमीचे कडेला प्रायमर असलेले काडतूस घेते, आणि ते घरी पुन्हा भरता येत नाही; ती न झाडता जपणे मला योग्य वाटते. १८९५ च्या नागांत रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी पुंगळीच्या आत पूर्ण बुडालेली असते आणि झाडताना पुंगळीचे तोंड नळीत शिरून वायूची वाट बंद करते; .३२ ची परकी काडतुसे तिच्यात जातात, उडतातही, पण पुंगळ्या फुगलेल्या निघतात आणि ज्या करामतीसाठी हे शस्त्र ओळखले जाते तीच नाहीशी होते. काडतूस बसते म्हणून ते त्या बंदुकीचे होत नाही. त्याच कारणासाठी, सोप्या काडतुसासाठी जुने चेंबर कोरून घेण्याला माझा विरोध आहे. हंगेरी आणि ऑस्ट्रियाने १९३० च्या दशकात आपल्या १८९५ च्या मानलिखर रायफली ८×५६ काडतुसासाठी बदलल्या आणि त्यांवर अनुक्रमे एच आणि एस ही अक्षरे ठोकली. तो बदल त्या रायफलींच्या इतिहासाचाच भाग झाला आहे. आज कुणी सोयीसाठी तेच केले तर मूळ वस्तू कायमची जाते.

कायद्याबद्दल एकच सांगतो: तुमच्या परवान्यात या मापाचे काडतूस, सुट्या पुंगळ्या आणि घरी काडतूस भरणे यांना मुभा आहे का, हे व्यवहाराआधी लेखी विचारून घ्या, नियम ठिकठिकाणी वेगळे असतात.

रायफल पाहायला जाल तेव्हा त्या संग्राहकांना विनंती करा की याच रायफलीतून झाडलेल्या दोन-तीन रिकाम्या पुंगळ्या असतील तर द्याव्यात. बुडाच्या किंचित वर अंगाभोवती चमकदार कडे दिसले किंवा मान एका बाजूला फाटलेली असली तर किंमत ठरवण्याआधी रायफल जाणत्या बंदूक-कारागिराला दाखवा. पुंगळी सर्व बाजूंनी सारखी फुललेली असेल आणि प्रायमरवरचा घाव मधोमध असेल, तर पुढच्या भेटीला सेरोसेफ आणि मायक्रोमीटर सोबत घेऊन जा.