हरवलंय नेमकं काय?

चि. बाळास,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज रात्री एकला आलेला दिसला, तेव्हाच कळलं की हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. हिंजवडीत नोकरी लागली, रविवारच्या शिफ्टा आल्या, वर्षभर उपासना सुटली, आणि मधल्या काळात व्हायला नको ते झालं. आता वाकडच्या त्या घरगुती सभेत तुला कोणीतरी सांगितलं की तुझं तारण गेलं, प्रतिफळ बुडालं, कृपादान काढून घेतलं गेलं, तेव्हा पुन्हा बाप्तिस्मा घे. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल. पण तारण म्हणजे पापातून सुटका, प्रतिफळ म्हणजे केलेल्या कामाचं देवाकडून मिळणारं बक्षीस, आणि कृपादान म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेली देणगी, तुझ्या बाबतीत कीबोर्ड वाजवणं. या तीन वेगळ्या गोष्टी त्याने एकात कालवल्या, आणि तू घाबरून ते सगळं गिळलंस.

आधी घाईचं सांगते. पुन्हा बाप्तिस्मा घेऊ नकोस. पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा, असं आपण उपासनेत म्हणायच्या निकेया मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीत, म्हणतो, ते उगीच नाही. इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसने सगळ्यांना रोमी देवतांपुढे अर्पण करायला लावलं. जिवाच्या भीतीने पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी ते केलंही, आणि केल्याचे दाखले घेतले. छळ ओसरल्यावर तेच लोक रडत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी आले. यांना आत घेता येणारच नाही, असं रोममधला नोव्हेशियन नावाचा पाळक म्हणाला. मंडळीने त्याचं ऐकलं नाही. पश्चात्तापाची मुदत ठरवली, वाट पाहायला लावली, आणि परत घेतलं. दुसरा बाप्तिस्मा कोणाला दिला नाही. तू तर कुठल्या सम्राटापुढे धूप जाळला नाहीस.

आपण पुण्याचे, म्हणून हेही सांगते. १८९० साली गुरुवार पेठेत पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातल्या बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्त चुकलं नाही. एका कपाने माणूस बाटतो, एका विधीने शुद्ध होतो, असा तो हिशेब. आपल्या मंडळ्यांतही तारणाबद्दल हाच हिशेब मनात धरलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. चहाच्या जागी पाप आलं आणि प्रायश्चित्ताच्या जागी दुसरा बाप्तिस्मा, एवढाच काय तो फरक!

त्या सभेत तुला बायबलातल्या इब्री लोकांस पत्रातलं ६:४-६ वाचून दाखवलं असणार. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि मग जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणं अशक्य आहे. वचन कडक आहे, मी ते मऊ करणार नाही. पण ते शिफ्टमुळे उपासना बुडवणाऱ्याबद्दल नाही, आणि मोहात एकदा पडलेल्याबद्दलही नाही. छळाला कंटाळून ख्रिस्तालाच सोडून मागे फिरण्याच्या बेतात असलेल्यांना ते लिहिलंय. सहाव्या वचनावर थांबणारे लोक नवव्यापर्यंत जात नाहीत, हीच पंचाईत. तिथे लेखक म्हणतो की प्रियजनहो, तुमच्याबद्दल आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. आणि हे बघ, ज्याचं मन पश्चात्तापाकडे वळणंच शक्य नाही, तो रात्री एकला संडे स्कूलच्या बाईंना मेसेज करत नाही.

माझी भिस्त योहान १०:२८ वर आहे. माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकून घेणार नाही, असं येशू म्हणतो. तिथे पकड त्याची आहे. माझी असती तर कधीच सुटली असती. ‘मी येशूला ओळखत नाही’ असं त्याचा शिष्य पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, पण लूक २२ मध्ये त्याच्या आधीच येशू त्याला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे. आधीच! कोंबडा आरवायला अजून वेळ होता.

यावर सगळ्या मंडळ्यांचं एकमत नाही, हेही तुला ठाऊक असावं. १६१८-१९ मध्ये हॉलंडातल्या डॉर्ट इथे भरलेल्या प्रॉटेस्टंट परिषदेने ठरवलं की खरे विश्वासणारे शेवटपर्यंत राखले जातात. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीला ते मान्य नव्हतं. माणूस कृपेपासून ढळू शकतो असं तो शिकवायचा, आणि कॅम्पातल्या मेथडिस्ट चर्चचा वारसा त्याचाच. सेंट झेवियर्स या कॅथलिक चर्चमध्ये फादरांना विचारशील तर ते सांगतील की गंभीर पापाने कृपा गमावते आणि पापनिवेदनाने परत मिळते. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्येच ते मांडलं. माझा कल डॉर्टकडे आहे. पण ‘एकदा तारलो, आता काहीही चालतं’ असं म्हणणारा भेटला की मला वेस्ली आठवतो. आणि एक लक्षात घे, पश्चात्ताप करून येणाऱ्याला दार बंद, असं या तिघांपैकी कोणीच म्हणत नाही.

आता प्रतिफळ. इथे मात्र मी तुला धीर देणार नाही. १ करिंथ ३ मध्ये पौल म्हणतो की पाया ख्रिस्त आहे, त्यावर कोणी सोनं-रुपं बांधतो, कोणी लाकूड, गवत, पेंढा. अग्नी प्रत्येकाच्या कामाची परीक्षा करेल. ज्याचं काम जळेल त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः तारला जाईल, जणू आगीतून बाहेर पडल्यासारखा. म्हणजे नुकसान खरं, आणि तारणही खरं. तुझं हे वर्ष बहुतेक पेंढ्यात गेलं, बाळा. तू येईनासा झालास तशी तुझ्यामागे कीबोर्ड शिकणारी दोन पोरंही तरुणसंघात यायची थांबली, हे तुला कोणी सांगितलं नसेल. तारणाची काळजी करत रात्र काढण्यापेक्षा त्या दोघांची काळजी केलेली बरी. गार पाण्याच्या एका पेल्याचंही प्रतिफळ बुडणार नाही, असं मत्तय १०:४२ मध्ये आहे. तेव्हा सुरुवात लहान असली तरी चालेल.

कृपादानाचं फार लांबवत नाही. रोम ११:२९ मध्ये देवाला आपल्या कृपादानांचा अनुताप होत नाही असं आहे, पण ते वचन इस्राएलाच्या संदर्भात आलंय, जपून वापर. तुझ्यासाठी २ तीमथ्य १:६ जास्त उपयोगी: कृपादान प्रज्वलित कर. विझत आलंय म्हणून तर तसं सांगावं लागतं ना? आणि दान शाबूत आहे म्हणून सगळं ठीक आहे, असंही धरून चालू नकोस. मत्तय ७ मध्ये ‘तुझ्या नावाने आम्ही संदेश दिला, भुतं काढली’ म्हणणाऱ्यांनाच ‘मला तुमची ओळख नव्हती’ हे उत्तर मिळतं. उपासनेत तुझ्या वाजवण्याने लोकांचे डोळे भरून यायचे, तेव्हाही तुझं तारण त्या कीबोर्डवर टेकलेलं नव्हतं.

जे झालं ते पाळकसाहेबांपाशी आडपडदा न ठेवता बोल. मला सगळं सांगायची गरज नाही. दुपारी दोन ते चार फोन करू नकोस, ते झोपतात. शिफ्ट बदलून मिळते का ते ऑफिसात विचार, आणि नाहीच मिळाली तर बुधवारच्या प्रार्थनेला ये. त्या दोन पोरांचे नंबर मी वेगळे पाठवते.

तुझी,
संडे स्कूलची बाई